झायरामावशीचा राब

सगळ्यात आधी झायरामावशीचं नाव घेतो, मग बाकीचं. ती नसती तर मी आज बेडशाच्या या खाचरात फावडं घेऊन उभा नसतो. कुठं असतो, ते मला सांगता यायचं नाही. ती माझ्या नात्याची नाही, गावची नाही, आपल्या देशाचीसुद्धा नाही. अंगावर कायम काळे कपडे, ठेंगणा बांधा, दुखरे गुडघे, आणि राग आला की माणसांशी न बोलता भांड्यांशी बोलायची सवय. काळ्या समुद्राच्या काठी एक एवढासा देश आहे, तिथली ती. 'देश आहे' असं तिथले म्हणतात, जग म्हणत नाही. लढाई करून तो दुसऱ्या देशातून फुटून निघाला. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. ते नाव सीमेवरच्या नदीच्या एका काठाला गोड लागतं आणि दुसऱ्या काठाला कडू, आणि माझ्यावर उपकार दोन्ही काठांचे आहेत.

फाल्गुन लागला, राब भाजायचे दिवस आले, की मावशीची आठवण नुसती येत नाही, नाकात शिरते.

ज्यांनी राब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताची रोपं जिथं वाढवायची तो तुकडा आधी भाजून घ्यायचा. खाली शेण, त्यावर ऐनाच्या छाटलेल्या डहाळ्या, त्यावर पाला, गवत आणि सगळ्यात वर बोटांतून गाळल्यासारखी बारीक माती. ही माती जाळ दबावा म्हणून. जाळ नको असतो, धग पाहिजे असते. वारा जिकडं जातो त्या टोकाकडून पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याशी भांडत भांडत मागं सरकते आणि जमिनीतलं तण, किडा, सगळं शिजून निघतं. धूर मात्र व्हायचाच. पांढरा, जाड, दुधावरच्या सायीसारखा. त्या दिवसांत बेडशाच्या लेण्यांच्या पायऱ्यांवरून खाली पाहिलं तर डोंगराच्या अंगावर ठिगळं लावावीत तसे काळे चौकोन दिसतात. आता कमी दिसतात. चौकोनांच्या जागी निळे चौकोन झालेत, बंगल्यांतले पोहण्याचे हौद.

परवा आमचा राब पेटला आणि वरच्या बंगल्याचा वॉचमन शिट्टी फुंकत खाली धावत आला. पाहुण्यांच्या डोळ्यांत धूर जातोय म्हणे. तो काय बोलला ते मला कळलंच नाही. शिट्टी कानावर पडली आणि माझ्या हातातलं फावडं गळालं, दोन्ही हात आपोआप वर गेले. शेजारच्या खाचरात किसनआबा होते. ते पोट धरून हसायला लागले.

"काय रं मिलिट्री, सरेंडर का काय?"

गावात मला आता मिलिट्री म्हणतात. मीही हसलो. पण हात काही लगेच खाली येईनात. आबांना ते दिसलं असावं. पाण्याची बाटली पुढं करून हळूच म्हणाले, "बस जरा. वॉचमनच हाय त्यो. पाठवतो त्याला म्या."

मी नववीतून शाळा सोडली. भूगोल मात्र आवडायचा, म्हणजे नकाशा रंगवायला आवडायचा. सीमेच्या रेघेबाहेर रंग जाऊ द्यायचा नाही, एवढंच मला नीट जमायचं. पुढं लोणावळ्यात हायवेवरच्या एका हॉटेलात भजी तळायला लागलो. शनिवार-रविवार कढईपासून हलायला मिळायचं नाही. तिथं जेवायला येणाऱ्या एका एजंटानं विचारलं, परदेशात येतोस का, समुद्रकाठचं हॉटेल आहे, राहणं-खाणं त्यांचं. आईनं देवापुढं नारळ ठेवला, थोरल्या दादानं बॅग घेऊन दिली.

विमान ज्या देशात उतरलं, त्या मोठ्या देशाचा व्हिसा माझ्याकडं होता. तिथून बसनं दक्षिणेकडं निघालो. वाटेत एक पूल लागला, दोन-तीन चौक्या लागल्या. मला वाटलं जिल्हा बदलला असेल, मावळ संपून खालापूर लागावं तसं. पुलापलीकडं झेंडा वेगळा होता, गाड्यांच्या पाट्या वेगळ्या होत्या, पण हॉटेल खरंच समुद्रकाठी होतं आणि काम खरंच होतं. मी कशाला विचारतोय? पहिल्यांदा शंका आली ती मोबाईलमुळं. नकाशा उघडला तर माझा निळा ठिपका भलत्याच देशात. मी ज्या देशात उभा होतो तो नकाशात नव्हताच. हॉटेलच्या स्वयंपाकघराची मुखत्यार होती झायरामावशी. तिला मोबाईल दाखवला. तिनं एकदा पाहिलं आणि कांद्याच्या टोपलीवर पालथा घातला.

"त्याला काय कळतंय? तू उभा हाईस ना हितं? मग हाय की."

मावशी हे मावळी बोलीत बोलली नाही, उघड आहे. आमची दोघांची भाषा म्हणजे त्या उत्तरेकडच्या मोठ्या देशाची मोडकीतोडकी बोली आणि हातवारे. पण तिचं बोलणं मला आठवतं ते आमच्याच बोलीत. का, ते माहीत नाही. मी बदलत बसत नाही.

उन्हाळी गर्दी ओसरली, हॉटेल बंद झालं, मालक शहरात निघून गेला. एजंटाचा फोन लागेना. आणि मला कळलं की मी दोन दारांच्या घरात अडकलोय. वरच्या दारानं, उत्तरेकडून, परत जावं तर व्हिसा संपलेला. खालच्या दारानं, नदीवरच्या पुलावरून, दक्षिणेकडच्या देशात जावं तर तिकडचे विचारणार, हा सगळा मुलूख आमचा, मग तू आमच्या दारानं का नाही आलास? त्यांच्या कायद्यानं तो गुन्हा. आपल्या वकिलातीत जावं तर तिथं वकिलातच नाही. ज्या देशाला आपण देश मानत नाही तिथं आपली कचेरी कशी असेल?

आईचा फोन यायचा. "कुटं हाईस रं?"

"हितंच हाय आई, समुद्राकडं."

"आरं पन गाव कंचं? देश कंचा?"

मी काहीतरी सांगायचो. खोटं नव्हतं, पण खरं म्हणावं असंही नव्हतं. मग ती विचारायची, "जेवला का?" तेवढ्या एका प्रश्नाला माझ्याकडं सरळ उत्तर असायचं. कारण मावशीनं मला आपल्या घरी नेलं होतं.

तिचं गाव डोंगराच्या उतारावर, खाली नदी. नदीपलीकडं तो दक्षिणेकडचा देश. नदी म्हणजेच सीमा. गाव पाहून मला रडू आलं, कारण ते आमच्यासारखंच होतं. रस्त्यात बसलेल्या गाई, उतरती छपरं, डोंगरावरून खाली सरकणारं धुकं, ओल धरलेल्या भिंती. मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा आणि त्यात खोचलेलं चीज, हे रोजचं जेवण. सोबत तोंडी लावायला अजिका. अजिका म्हणजे आपला ठेचाच. लाल मिरची, लसूण, मीठ, दगडावर वाटलेलं, वर अक्रोडाचा कूट. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी म्हणाली, "तिखट लागलं व्हय?" मी मान हलवली. तिखटाचं नव्हतं ते पाणी.

मावशीचा थोरला मुलगा लढाईत गेला होता. तिचे काळे कपडे तेव्हापासूनचे. धाकटा अस्लान, माझ्याच वयाचा. तो गावाहून शहराकडं जाणारी व्हॅन चालवायचा, आपल्याकडच्या वडापसारखी, माणसं कोंबून. त्याच्या कपाटावर, जिथं आमची आई लोणच्याची बरणी ठेवते तिथं, बंदूक होती. मी घाबरून विचारलं तर म्हणाला, "मी लष्करात आहे ना."

"मग व्हॅन?"

"ती पण चालवतो."

लष्कर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं घाटातून ओळीनं जाणाऱ्या हिरव्या गाड्या यायच्या. तिथलं लष्कर म्हणजे गावच होतं. कंपनीचे कमांडर बातलमास्तर एरवी शाळेत कवायत शिकवायचे, गळ्यात कायम शिट्टी. न्हावी तोफखान्यात. पाववाला वायरलेसवर. शाळेची व्यायामशाळा हीच चौकी. तिच्यामागं ताडपत्रीखाली एक रणगाडा झाकलेला, पावसाळ्यात आपण ट्रॅक्टर झाकतो तसा, आणि त्याच्या सावलीला कोंबड्या बसलेल्या. सायरन झाला की जो जिथं असेल तिथून पळत यायचा. सरावाचा सायरन असला तरी आया दारात येऊन उभ्या राहायच्या आणि मुलगा परत दिसेपर्यंत आत जायच्या नाहीत.

"लहान आहे तुमचं लष्कर," मी एकदा म्हणून गेलो.

अस्लानला राग आला नाही. "देश लहान आहे. लष्कर देशाएवढं आहे." मग त्यानं विचारलं, "तुमच्याकडं लष्करात कोण जातं?"

"ज्याला जायचं तो."

"आणि ज्याला नाही जायचं?"

"तो भजी तळतो."

तो इतका हसला की व्हॅन थांबवावी लागली. "आमच्याकडं एकालाच दोन्ही करावं लागतं," म्हणाला. रविवारी मी मक्याच्या पिठाची कांदाभजी करायचो आणि चौकीवरची माणसं रणगाड्याला टेकून खायची. बातलमास्तर मला व्हॉलीबॉल खेळायला घ्यायचे. माझी सर्व्हिस जाळीत जायची आणि ते शिट्टी फुंकून म्हणायचे, "शत्रूला गुण!"

अस्लान लोणावळ्याबद्दल फार विचारायचा. तिथं कुणीही येतं? येतं. विचारत नाहीत? कुणाला विचारणार, शनिवारी सगळं पुणं-मुंबई येतं, गाडी लावायला जागा नसते. त्याला ते खोटं वाटायचं. त्याच्या देशाचा पासपोर्ट जवळजवळ कुणीच घेत नाही. माझं अडकणं तात्पुरतं होतं, निदान तसं मी स्वतःला बजावत होतो. तो जन्मल्यापासूनच त्या दोन दारांच्या मधे होता, आणि तरी रोज सकाळी व्हॅन पुसून, आरसा नीट करून निघायचा. आता कधी राजमाची पॉइंटवर गाड्यांची रांग लागली आणि माणसं वैतागून हॉर्न वाजवायला लागली, की मला अस्लानचा पुसलेला आरसा आठवतो.

हिवाळा गेला. समोरच्या शिखरांवर बर्फ होतं, पण खाली आलुबुखाराची झाडं फुलांनी पांढरी झाली. ऊन बदललं. माझे हात शिवशिवायला लागले. नुसतं बसून खाणं मला सोसत नव्हतं. मावशीच्या मिरचीची रोपं दरवर्षी तणात गुदमरतात हे तिच्याच तोंडून ऐकलं होतं. आमच्याकडं राब भातासाठी, नाचणीसाठी. पण भाजलेल्या मातीत मिरचीही तरारते. म्हटलं, हिला एक राब भाजून देऊ. सांगायचं नाही. बाजारातून आली की बघेल.

त्या सकाळी मावशी अस्लानच्या व्हॅननं बाजाराला गेली. घरामागच्या बाजूला सावली होती. पुढच्या उताराला, नदीकडं तोंड करून, छान ऊन होतं. मी तो उतार निवडला. शेण घातलं, आलुबुखाराच्या छाटलेल्या फांद्या घातल्या, पाला घातला, वरून माती गाळली. वारा बघितला. खालच्या टोकाला काडी लावली. किती दिवसांनी मला काहीतरी येत होतं! धूर निघाला. आधी पिवळट, मग पांढरा, मग ती साय. सरळ वर चढला, मान न वळवता. मी फावड्यावर रेलून बघत राहिलो आणि त्या क्षणी मी अडकलेला नव्हतो.

मग सायरन वाजला.

मला वाटलं सराव आहे. वर पाहिलं तर उतारावरून माणसं धावत येत होती. न्हावी, आणि त्याच्यामागं अर्ध्या गालाला साबण लागलेलं त्याचं गिऱ्हाईक, हातात बंदूक. पाववाल्याचे हात पिठानं पांढरे. रविवारी माझी भजी खाणारी माणसं, आणि सगळ्यांच्या नळ्या माझ्याकडं. बातलमास्तरांनी शिट्टी फुंकली. मी हात वर केले.

मला सांगायची कुणाला गरजच वाटली नव्हती ती गोष्ट अशी. लढाईच्या दिवसांत त्या खोऱ्यातली गावं ओल्या गवताचा जाड पांढरा धूर करून एकमेकांना खूण द्यायची. तेव्हापासून नदीकडच्या उतारावर कुणी चूलसुद्धा पेटवत नाही. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत. आपल्याकडं देवळात चपला घालून जाऊ नये हे पाहुण्याला कुणी वेगळं सांगतं का?

त्यांनी राबावर पाणी ओतलं. मी ओरडलो, "पाणी नको! पाणी नको!" राबावर पाणी पडलं की धूर दुप्पट होतो, हे मला माहीत होतं, पण त्यांना वाटलं, मला खूण विझू द्यायची नाही. धूर दुप्पट झाला. नदीपलीकडं गाड्यांची हालचाल दिसली. दुर्बीण डोळ्याला लावलेले मास्तर हळू आवाजात म्हणाले, "तेही बाहेर पडले." कुणी एकानं घाबरून चाप ओढला असता तर? एवढ्याशा मिरचीसाठी? मी आजही राबाला काडी लावताना आधी समोरच्या डोंगराकडं बघतो. तिकडं पवनेचं धरण आहे, शत्रू नाही. तरी बघतो.

मला व्यायामशाळेत बसवलं. भिंतीला चढायच्या दांड्या, कोपऱ्यात व्हॉलीबॉलची गुंडाळलेली जाळी. खिडकीतून माझा राब दिसत होता, अजून धुमसणारा. मास्तर आता मास्तर नव्हते. कुणी सांगितलं? कुणाला खूण दिली? मी 'राब, राब' म्हणत राहिलो आणि हातानं मातीचे थर दाखवत राहिलो. राजधानीहून गाडी मागवली होती. तिकडं नेलेला माणूस लवकर परत येत नाही, हे मला अस्लानच्या तोंडून माहीत होतं. माझ्या आईला तर मी कुठल्या देशात हरवलो तेही सांगता आलं नसतं.

मावशी आली ती हातात भाजीची पिशवी तशीच. मागं अस्लान. मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. तिनं ऐकून घेतलं, मला विचारलं, "काय करत व्हतास?"

"मिरची," मी म्हणालो. "तुझ्या मिरचीला."

तिनं पिशवी खाली ठेवली. त्यांच्याकडं एक जुनी रीत आहे. एखाद्या बाईनं परक्याला चार माणसांदेखत छातीशी धरलं की तो तिच्या दुधाचा झाला, मग तो कुठल्याही जातीचा, धर्माचा, मुलखाचा असो. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मी एवढंच पाहिलं की सगळ्यांनी टोप्या काढल्या. मावशीनं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि त्या काळ्या कपड्यावर, छातीशी टेकवलं. कांद्याचा, धुराचा, उन्हाचा वास आला.

"आजपासून ह्यो माझा. आता न्यायचा आसंल तर आईला इचारून न्या."

मग मास्तरांनी राजधानीची गाडी परत पाठवायला सांगितलं. जाता जाता म्हणाले, "झायरा, म्हणजे पुन्हा दोन झाले तुला. सायरन झाला की दोघंही आले पाहिजेत." माणसं हसली. सुटलो या आनंदात मीही हसलो. व्हॅनमध्ये अस्लाननं समजावलं तेव्हा हसू गेलं. त्या देशातला मुलगा म्हणजे त्या देशातला शिपाई. एका कोंडीतून काढताना मला दुसऱ्या कोंडीत ठेवलं गेलं होतं, आणि ही मायेची होती. मायेच्या कोंडीला कडी बाहेरून नसते. तिच्यातून बाहेर पडावं असं म्हणायला जीभच उचलत नाही.

पुढच्या सरावाला मी रांगेत उभा राहिलो. बंदूक दिली नाही, स्वयंपाकाकडं लावलं. गारठा होता म्हणून अस्लाननं घरातलं एक हिरवं जाकीट अंगावर घातलं. बाह्या मला थोड्या लांब होत्या. मास्तर नावं पुकारत होते. बायका नेहमीप्रमाणं दारांत उभ्या होत्या. मावशीची नजर रांगेवरून फिरत माझ्यावर आली आणि तिथंच थांबली. ते जाकीट तिच्या थोरल्याचं होतं.

ती दारातून निघाली, दुखऱ्या गुडघ्यांनी मैदान ओलांडून रांगेत आली आणि माझी बटणं काढायला लागली. मास्तर म्हणाले, "झायरा, सराव चालू आहे."

"चालू दे. एक दिला तुमाला. दुसरा रांगंत उबा हाय, त्याला म्या कदी मागं हाक मारली? ह्यो रांगंसाठी न्हाई घेतला म्या. ह्याची आई हाय तिकडं. ती बी दारातच उबी आसंल."

मावशीनं मला खालच्या दारानं घरी पाठवायचं ठरवलं. पुलाकडं निघालो तेव्हा मास्तर आपणहून व्हॅनमध्ये पुढं बसले. चौकीवरच्या शिपायांना एवढंच म्हणाले, "झायराचा मुलगा आहे. आईबरोबर चाललाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सर्व्हिस सुधार."

पूल लांब होता. मधे घोडागाडी चालायची, मावशी नको म्हणाली. ज्या घरातलं माणूस लढाईत गेलं त्या घरातलं कुणी तो पूल ओलांडत नाही. हे मला अस्लाननं आदल्या दिवशी सांगितलं होतं, आणि मी मावशीला म्हणालो होतो, राहू दे, मी एकटा जातो. तिनं पातेल्याला चार शिव्या घातल्या होत्या. पुलावर ती माझं मनगट धरून चालत होती. पाणी खालून करड्या रंगाचं वाहत होतं. मला कुठंतरी इंद्रायणी आठवली, कामशेतच्या पुलावरून दिसते तशी.

पलीकडं त्यांचा अधिकारी उभा होता, तरणा, थंडीनं नाक लाल झालेला. मी बोलायला तोंड उघडलं, तर मावशीनं मनगट दाबलं आणि स्वतः बोलली. त्या भाषेत, जी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. त्यांची भाषा. लढाईआधी दोन्ही काठांचे लोक शेजारी होते तेव्हा तिला ती येत होती. मुलगा गेल्यावर तिनं ती तोंडात घेतली नव्हती. आता एकेक शब्द गंजलेल्या कुलपासारखा जोर लावून काढत होती. मला त्यातलं काही कळलं नाही. त्या अधिकाऱ्यानंच मग सांगितलं, ती म्हणाली, हा माझा मुलगा. चुकीच्या दारानं आला. याच्या आईकडं पाठवा.

त्यानं तिला बसायला खुर्ची आणली. ती बसली नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, वळली, आणि परत निघाली. पुलावर ती काळी पाठ लहान लहान होत गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी धावलो असतो, आणि ते तिला माहीत होतं.

खालच्या लोकांनी मला ठेवून घेतलं, पुष्कळ विचारलं, पण वाईट वागवलं नाही. मग आपल्या वकिलातीचा माणूस आला आणि माझ्यासाठी दक्षिणेकडचं दार उघडलं. घरी आलो तेव्हा आई दारातच होती.

आईला सगळं सांगितलं. ती राबाचं ऐकून हसली, पुलाचं ऐकून तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तिची सावड ऱ्हायली रं आपल्यावर." आमच्याकडं सावड म्हणजे तुमच्या लावणीला आम्ही, आमच्या लावणीला तुम्ही. ती पैशानं फिटत नाही, वस्तूनं फिटत नाही. त्या माणसाच्या रानात जाऊन, वाकूनच फेडावी लागते.

अस्लाननं मागाहून सांगितलं की गावातल्या काही बायका मावशीशी बराच काळ बोलत नव्हत्या. ती पूल ओलांडून गेली म्हणून, आणि ती भाषा बोलली म्हणून. मावशीनं मला याबद्दल एका अक्षरानं सांगितलं नाही. मी फोन करतो तेव्हा तिचा पहिला प्रश्न असतो, "जेवला का?"

परवा वॉचमन गेला, माझे हात खाली आले, किसनआबांची बाटली मी परत केली, आणि खिशातला मोबाईल वाजला. अस्लाननं व्हिडिओ पाठवला होता. तोच उतार, तेच ऊन. मावशी राबाला काडी लावतेय, खालच्या टोकाला, वारा बघून. बाजूला बातलमास्तर उभे, गळ्यात शिट्टी, पण ती फुंकत नाहीत. अस्लाननं खाली लिहिलंय, त्यांनी आधीच सगळ्या चौक्यांना कळवलंय, आज झायराचा धूर आहे. न्हावी पाण्याची बादली घेऊन पुढं होतो, तर मावशी त्याच्यावर खेकसते. ते शब्द मला कळले नाहीत, पण अर्थ कळला. पाणी नको! मग धूर सरळ वर चढतो, मान न वळवता, आणि सायरन वाजत नाही. नदीपलीकडंही काही हलत नाही. त्यांनाही आता हा धूर ओळखू येत असावा.

आमचा राब इकडं अजून धुमसत होता. मी मोबाईल आबांना दाखवला. ते डोळे बारीक करून बघत म्हणाले, "माती कमी टाकलीय बाईनं. जाळ वर येतुया."

आबा, बरोबर आहे. ते दाखवायला मला जायचंय. मावशी, या खेपेला मी आधी दक्षिणेकडच्या देशाचा व्हिसा काढीन, त्या लाल नाकाच्या अधिकाऱ्याच्या चौकीत परवानगी मागीन, आणि पूल चालत ओलांडीन. मास्तरांना सांगून, सगळ्या चौक्यांना कळवून, तुझ्या उतारावर माती मी गाळीन. मिरची लावून, तोडून, तुझ्या दगडावर वाटून होईपर्यंत तू बसून राहायचं. एका फाल्गुनात मी येतो, हा माझा शब्द.